दुखणं एकाचं, बाटली दुसऱ्याची

‘प्रोस्टेट’ असं ठळक अक्षरांत छापलेली पूरक गोळ्यांची कुठलीही बाटली घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. सॉ पामेटो, भोपळ्याच्या बियांचा अर्क, झिंक, सेलेनियम, टोमॅटोतलं लायकोपीन. बाटली जरा महागातली असेल तर पायजियम नावाच्या आफ्रिकी झाडाची साल आणि नेटल या युरोपातल्या खाजऱ्या झुडपाचं मूळ. ही सगळी मंडळी मुळात एकाच माणसासाठी जमवलेली असतात. तो साठी ओलांडलेला आहे, त्याची प्रोस्टेट वाढली आहे, लघवीची धार मंदावली आहे आणि रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं.

आता बाटली विकत घेणाऱ्याकडे पाहा. तो पुष्कळदा पस्तीस-चाळिशीतला असतो. प्रोस्टेट वाढण्याचं त्याचं वय नाही. त्याला दुखतंय. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत, ओटीपोटात, कधी लिंगाच्या टोकाशी. वीर्यपतन झालं की तासभर ठणका. खुर्चीत बसलं की लिंबावर बसल्यासारखं वाटतं, म्हणून तो मीटिंगमध्ये एका कुल्ल्यावर भार देऊन बसतो. बाटलीवर अवयवाचं नाव बरोबर आहे, पण रोग त्याचा नाही.

या पुस्तकाचा सगळा खटाटोप या अदलाबदलीपायी आहे. नैसर्गिक पूरकं चांगली की वाईट, हा वाद मला फारसा रंजक वाटत नाही. त्यात दोन्ही बाजूंना पोटतिडीक जास्त आणि तपशील कमी असतो. औषधशास्त्र शिकवताना मी मुलांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावत असे: ही गोळी तपासली ती कुणावर आणि कशासाठी? दीर्घकाळच्या ओटीपोटदुखीच्या बाबतीत या एका प्रश्नाने बाजारातला अर्धाअधिक माल बाजूला पडतो आणि दोन-तीनच गोष्टी हातात राहतात. त्या मात्र नीट पाहण्याजोग्या आहेत.

आधी दुखण्याविषयी, कारण वैद्यकालाही हा गुंता सोडवायला बराच वेळ लागला. १९६८ मध्ये मीअर्स आणि स्टेमी या अमेरिकी डॉक्टरांनी चार नमुन्यांची एक तपासणी मांडली. लघवीची पहिली धार एका भांड्यात, मधली दुसऱ्यात, मग गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चोळल्यावर येणारा स्राव तिसऱ्यात आणि त्यानंतरची लघवी चौथ्यात. जंतू कुठल्या नमुन्यात जास्त यावरून संसर्ग मूत्रनलिकेत आहे, मूत्राशयात आहे की प्रोस्टेटमध्ये, ते ठरायचं. तर्क अगदी नेटका. पण तपासणी इतकी किचकट की रोजच्या व्यवहारात फार थोडे डॉक्टर ती पुरती करत, आणि जे करत त्यांना बहुतेक रुग्णांच्या चारही नमुन्यांत जंतूच सापडत नसत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ मध्ये तज्ज्ञांची बैठक बोलावली आणि त्यातून प्रोस्टेटायटिसचे, म्हणजे प्रोस्टेटच्या दाहाचे, चार वर्ग ठरले. पहिला तीव्र जंतुसंसर्गाचा: थंडी वाजून ताप, लघवीला आग, कधी लघवी तुंबणं. दुसरा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या जंतुसंसर्गाचा. चौथ्यात त्रास काहीच नसतो, दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत सूज सापडते. राहिला तिसरा. जंतू नाहीत, तरी सहा महिन्यांपैकी निदान तीन महिने दुखणं आहे. प्रोस्टेटायटिसचा शिक्का बसलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक याच वर्गात मोडतात. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत शंभर पुरुषांमागे दोन ते दहा जणांना असा त्रास असल्याचं दिसतं. या वर्गाच्या नावातच ‘दीर्घकालीन प्रोस्टेटायटिस किंवा दीर्घकालीन ओटीपोटदुखी’ असा ‘किंवा’ आहे. दुखण्याचं मूळ प्रोस्टेटमध्येच असेल याची खात्री नाही, हे त्या ‘किंवा’तच कबूल केलेलं आहे.

आपल्याकडे या अनिश्चिततेत आणखी एक भर पडते ती लाजेची. औषधाच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की हा माणूस ओळखू येतो. शेजारच्या बाई खोकल्याचं औषध घेऊन जाईपर्यंत तो मलमांची कपाटं न्याहाळत राहतो आणि मग दुकानदाराला मोबाइलवरचा फोटो दाखवतो. तोंडाने काही बोलत नाही. बायकोलाही त्याने ‘कंबर धरली आहे’ एवढंच सांगितलेलं असतं. लोकलच्या डब्यांत आणि स्टेशनबाहेरच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’वाल्यांच्या ज्या चिठ्ठ्या चिकटलेल्या असतात, त्यांचा धंदा याच न बोलण्यावर चालतो. तिथे गेलेला माणूस वीर्य वाया गेल्याची भीती पदरात घेऊन परततो. दुखणं होतं तिथेच असतं.

जो धीर करून डॉक्टरकडे जातो त्याची कथा वेगळी, पण फार सुखाची नाही. त्याला बहुधा आधी अँटिबायोटिक मिळतं. सुरुवातीला एक कोर्स देण्यात गैर काही नाही. पण लघवीच्या कल्चरमध्ये एकदाही जंतू न सापडता सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनचा तिसरा, चौथा कोर्स चालू असलेली माणसं मी पाहिली आहेत. २००४ मध्ये १९६ पुरुषांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन, मूत्रमार्ग सैल करणारं टॅमसुलोसिन, ही दोन्ही एकत्र आणि नुसती नकली गोळी अशा चार तुकड्या होत्या. सहा आठवड्यांनी चौघींत सांगण्यासारखा फरक नव्हता. २००८ मध्ये अल्फुझोसिन या टॅमसुलोसिनच्या भावंडाचीही तीच गत झाली. अशा वेळी माणूस गोळ्यांच्या बाटलीकडे वळला तर त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. हुकमी औषध कुणाकडेच नव्हतं.

या चाचण्यांत सुधारणा मोजतात ती एका प्रश्नावलीने, आणि ती पुढे वारंवार येणार असल्यामुळे इथेच सांगतो. १९९९ मध्ये तयार झालेल्या या प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत आणि एकूण गुण ४३. २१ गुण दुखण्याचे, १० लघवीच्या तक्रारींचे, १२ जगण्यावर झालेल्या परिणामाचे. प्रश्न आडवळणाचे नाहीत. गेल्या आठवड्यात नेमकं कुठे दुखलं, लघवी करताना दुखलं का, वीर्यपतनाच्या वेळी किंवा नंतर दुखलं का, असं नाव घेऊन विचारतात. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जिव्हारी लागणारा वाटतो: हा त्रास असाच जन्मभर राहिला तर तुम्हाला कसं वाटेल? गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. सहा गुणांनी आकडा उतरला तर रुग्णाला खरोखर बरं वाटतं, असं आढळलं आहे. दोन-तीन गुण आपोआपच खालीवर होत असतात, कारण हा आजार मुळात भरती-ओहोटीचा आहे.

या मापाने पाहिलं तर पहिला मान परागकणांच्या अर्काचा. राय या थंड प्रदेशातल्या धान्याच्या परागकणांपासून काढलेला हा अर्क मूळचा स्वीडनचा, आणि युरोपात तो कित्येक दशकं वापरात आहे. २००९ मध्ये जर्मनीत १३९ पुरुषांवर बारा आठवडे त्याची चाचणी झाली. कुणाला अर्क आणि कुणाला नकली गोळी हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही. अर्क घेणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांना ठरवलेल्या मापाने आराम पडला, नकली गोळीवाल्यांपैकी ५० टक्क्यांना. दुखणं आणि जगण्याची प्रत सुधारली. लघवीच्या तक्रारींत मात्र लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे हा उपाय वेदनेवरचा आहे, धारेवरचा नाही. आपल्या पस्तिशीतल्या माणसाला हवं ते नेमकं हेच.

त्या आकड्यांतला दुसरा आकडा मात्र नजरेआड करू नका. नकली गोळी घेऊन निम्म्या लोकांना बरं वाटलं. त्यांनी खोटं सांगितलं असं नाही. माणूस उपाय सुरू करतो तो त्रास कळसाला पोचल्यावर. तिथून पुढे तो थोडा उतरणारच. शिवाय कुणीतरी आपलं म्हणणं नीट ऐकून घेतं, दर काही आठवड्यांनी विचारपूस करतं, याचाही गुण येतो. ‘मला अमुक बाटलीने बरं वाटलं’ असं छातीठोकपणे सांगणारा मित्र खरंच बोलत असतो. फक्त ते श्रेय बाटलीचंच आहे, हे त्याच्या सांगण्यावरून ठरत नाही.

आणि एक सावधगिरी. मधाच्या बाटल्यांशेजारी मिळणारे पिवळे दाणे, म्हणजे मधमाश्यांनी गोळा केलेले परागकण, हा तो अर्क नव्हे. चाचणीतला अर्क ठरावीक वनस्पतींचा, ठरावीक प्रक्रियेने काढलेला होता. परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्याने चमचाभर पिवळे दाणे खाल्ले तर अंगावर गांधी उठतील, श्वासही लागू शकेल.

दुसरा मान क्वेरसेटिनचा. हे द्रव्य कांद्यात आणि सफरचंदाच्या सालीत असतं. १९९९ मध्ये शॉस्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० पुरुषांवर ते तपासलं: ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, महिनाभर. क्वेरसेटिन घेणाऱ्यांचे सरासरी गुण २१ वरून १३ वर आले. नकली गोळीवाल्यांचे २० वरून जेमतेम १९ वर. निदान पंचवीस टक्के सुधारणा झालेले ६७ टक्के विरुद्ध २० टक्के. आकडे डोळ्यांत भरणारे, पण माणसं तीस आणि मुदत एक महिना. इतक्या लहान चाचणीवर आशा ठेवता येते, हमी देता येत नाही.

इथे एक मराठी शंका हमखास येते: मग कांदाच का खाऊ नये? शंभर ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेरसेटिन असतं. चाचणीतला रोजचा एक ग्रॅम भरून काढायला अडीच ते पाच किलो कांदा लागेल. लासलगावला बिऱ्हाड केलं तरी ते जमायचं नाही, आणि जमलंच तर पोट आधी तक्रार करेल. अन्नातला पदार्थ आणि औषधाच्या मात्रेत काढलेलं द्रव्य यांत हे एवढं अंतर असतं. हळदीचंही तेच. भाजीतली, दुधातली हळद निर्धास्त खावी. पण शोषण वाढावं म्हणून मिऱ्यांतलं पायपरीन मिसळलेल्या कुरकुमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेतून आल्या आहेत. ‘स्वयंपाकघरातलंच तर आहे’ हे वाक्य गोळीच्या बाबतीत लागू पडत नाही.

सॉ पामेटोवर फार शाई खर्च करायची गरज नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात, मुख्यतः फ्लोरिडात, वाढणाऱ्या या बुटक्या ताडाची फळं वाढलेल्या प्रोस्टेटसाठी प्रसिद्ध झाली, पण तिथेही २००६ आणि २०११ च्या दोन मोठ्या अमेरिकी चाचण्यांत ती नकली गोळीपुढे सरस ठरली नाहीत. दुसरीत तर मात्रा तिप्पट करून पाहिली होती. ओटीपोटदुखीसाठी २००४ मध्ये वर्षभर वापरून पाहिलं तेव्हा उपयोग झाला नाही. अलीकडे चीनमधल्या एका चाचणीत झाला. निकाल असे उलटसुलट असताना मी स्वतःचे पैसे तरी त्यात घालणार नाही. पायजियमबद्दल तर वेगळंच वाईट वाटतं: त्या झाडाची साल इतकी ओरबाडली गेली की १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

झिंक आणि सेलेनियमची गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रोस्टेटमध्ये झिंकचं प्रमाण भरपूर असतं हे खरं. त्यावरून ‘झिंक खा, प्रोस्टेट सुधारेल’ अशी उडी मारली जाते. पण अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत, रोज १०० मिलिग्रॅमहून जास्त झिंक गोळ्यांतून घेणाऱ्या पुरुषांत पुढे गेलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण दुपटीहून अधिक आढळलं. पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण दोन-तीन निरनिराळ्या बाटल्या एकदम घेणाऱ्याने बेरीज जरूर करावी. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची परीक्षा तर ३५,००० हून अधिक निरोगी पुरुषांवर झाली. कॅन्सर टळावा म्हणून सुरू केलेली ती चाचणी २००८ मध्ये थांबवावी लागली, आणि २०११ पर्यंत दिसून आलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला होता. याशिवाय एक साधी गोष्ट, जी काउंटरवर कुणी सांगत नाही: सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत झिंकची गोळी घेतली तर झिंक त्या औषधाला पोटातच धरून ठेवतं आणि ते पुरेसं शोषलं जात नाही. प्रोस्टेटच्या बाटलीत झिंक बहुधा असतंच.

आयुर्वेदाबद्दल वाचक मला विचारणार, आणि त्यांनी विचारावं. सुश्रुताने मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतल्या वाताष्ठीलेच्या वर्णनात पुष्कळांना वाढलेली प्रोस्टेट दिसते. गोखरू म्हणजे आपला सराटा, पुनर्नवा म्हणजे घेटुळी, वरुण म्हणजे वायवर्णा. ही मूत्रविकारांवरची जुनी, मान्यताप्राप्त द्रव्यं आहेत. चांगल्या वैद्याने नाडी आणि प्रकृती पाहून ती दिली, पथ्य सांगितलं, तर रुग्णाला समाधान मिळाल्याचं मी पाहिलं आहे. पण जर्मनीत परागकणांची झाली तशी मोजदाद, तशी आंधळी चाचणी, या दुखण्यासाठी त्यांची झालेली नाही. आणि व्यायामशाळेत ‘टेस्टोस्टेरॉन वाढवणारं’ म्हणून विकलं जाणारं गोखरू हे तर तिसरंच प्रकरण. चाचण्यांत त्याने माणसाचं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसत नाही. पुन्हा तोच प्रश्न: कुणावर, कशासाठी?

शुद्धतेचाही मुद्दा टाळता येत नाही. २००४ मध्ये बोस्टन शहराच्या परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेऊन तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आपल्याकडे याच वनस्पती दोन दारांनी बाजारात येतात: औषध म्हणून परवाना घेऊन, किंवा अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली पूरक अन्न म्हणून. दुसऱ्या दाराने आलेल्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. पुढच्या बाजूला प्रोस्टेटचं रंगीत चित्र आणि मागे हे वाक्य, अशी ती बाटली असते.

गोळीबाहेरचा भाग या पुस्तकात जास्त पानं घेतो, आणि ते मुद्दाम. २००९ मध्ये शॉस्केस आणि कॅनडातले निकेल यांनी या दुखण्याची सहा अंगं वेगळी करून पाहण्याची पद्धत मांडली: लघवीच्या तक्रारी, मनावरचा ताण, खुद्द प्रोस्टेट, जंतुसंसर्ग, मज्जातंतू आणि ओटीपोटाच्या तळाचे ताठलेले स्नायू. एकाच माणसात यांतली दोन-तीन तरी एकत्र नांदतात. परागकण किंवा क्वेरसेटिन यांचा हक्क यांतल्या एका अंगावर, प्रोस्टेटमधल्या दाहावर. स्नायू ताठले असतील तर त्यांना गोळी पोचत नाही. तिथे हे काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट लागतो, कोमट पाण्याच्या टबात बसून शेक लागतो, दुचाकीवरचे आणि खुर्चीतले सलग तास तोडावे लागतात. मोबाइलवर पाहून केगेल व्यायाम सुरू करणाऱ्यांनी इथे थांबावं. तो व्यायाम स्नायू आवळायला शिकवतो, आणि यांचे स्नायू आधीच आवळलेले असतात.

काही लक्षणांत या पुस्तकाची पानं उलटत बसू नये, सरळ मूत्रविकारतज्ज्ञाकडे जावं: लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, लघवी तुंबणं, कारणाशिवाय वजन उतरणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं तरीही. लघवीत वारंवार पू आणि नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत, असं असेल तर आपल्या देशात क्षयाची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुढची प्रकरणं कुठूनही वाचता येतील. क्रम पाळायचा तो एकाच बाबतीत. प्रश्नावली सोप्या मराठीत करून शेवटी तिच्या कोऱ्या प्रती जोडल्या आहेत. ती निदानासाठी नाही, हिशेबासाठी आहे. पहिली प्रत गोळी सुरू करण्याआधी भरा आणि तारीख घाला. एका वेळी एकच पूरक सुरू करा, नाहीतर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा हे कळणार नाही. दुसरी प्रत सहा आठवड्यांनी, तिसरी बाराव्या आठवड्यात. आकडा सहाने उतरला नसेल तर ती बाटली पुन्हा आणू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना तिन्ही प्रती आणि सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.